कंपनीच्या राजकीय भूमिकेवरून माल बंद करणं: कुठं लागू पडतं, कुठं वाया जातं?

दुधनाकाठ, परभणी

दर दोन-चार महिन्यांनी एक यादी फिरते. अमुक कंपनीनं तमुक नेत्याला पाठिंबा दिला, आजपासून तिचा माल बंद. मे २०२५ मध्ये तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली तेव्हा पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घेणं थांबवलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं ५० टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा शीतपेयं आणि बर्गरवाल्यांची नावं आली. आता तालुक्याच्या ठिकाणी तरुण मंडळं, व्यापारी मित्रमंडळं ठराव घ्यायलेत.

कोणाची बाजू खरी यावर इथं वाद नको. कंपनीची भूमिका आपल्याला मान्य नाही, असं धरून चला. पुढचं सांगा: माल बंद केल्यानं कंपनी हलते का? हलत असेल तर कशामुळं? आणि आपल्याकडच्या ५०-६० हजार वस्तीच्या गावानं हे करायचं ठरवलं तर रीत कोणती? वितरण, हिशेब, कायदा यातले जाणकार इथं आहेत म्हणून विचारतोय. नुसत्या घोषणा नकोत.

मोंढानाका, लातूर

पैसा कुठं अडतो ते आधी बघा, मग बाकीचं.

कंपनी माल विकते वितरकाला, वितरक दुकानदाराला, दुकानदार आपल्याला. पहिल्या विक्रीला धंद्यात 'प्रायमरी' म्हणतात, दुसरीला 'सेकंडरी'. कंपनीच्या वहीत विक्री चढते ती प्रायमरी झाली की. म्हणजे गावातल्या बायाबापड्यांनी साबण घ्यायचं सोडलं तरी त्या महिन्यात कंपनीला काहीच दिसत नाही. महिनाअखेरीला विक्री अधिकारी वितरकाच्या गोदामात माल ढकलतो आणि टार्गेट पूर्ण दाखवतो. बहिष्कार दिसतो तो गोदाम भरल्यावर, वितरक पुढची ऑर्डर द्यायला नकार देतो तेव्हा. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडचे बहुतेक बहिष्कार दहाव्या-बाराव्या दिवशी विरतात, म्हणजे कंपनीपर्यंत पोचायच्या आतच संपतात.

आता आकडा. समजा गावात १०,००० घरं. त्यातल्या २० टक्के घरांत हा साबण-पावडर जातो, आणि त्यातली निम्मी घरं खरोखर थांबली. घरटी महिन्याचा खर्च १५० रुपये धरा. १,००० घरं गुणिले १५०, म्हणजे महिन्याला दीड लाख. दुकानदाराची साधारण १० टक्के कमाई वजा केली तर वितरकाची विक्री १ लाख ३५ हजारांनी घटली. त्याचं स्वतःचं नुकसान, ५ टक्क्यांच्या हिशेबानं, साडेसहा-सात हजार.

हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला दीड लाख काहीच नाहीत, असं लोक म्हणतात. मुंबईच्या मुख्य कचेरीत ते दिसणारही नाहीत, हे खरं. पण त्या भागाच्या विक्री अधिकाऱ्याचं महिन्याचं टार्गेट १२ लाख असेल तर त्याचे दहा टक्क्यांहून जास्त गेले. त्याचा इन्सेन्टिव्ह गेला. त्याला वर कारण लेखी द्यावं लागतं. गावाचा जोर चालतो तो या जागी. म्हणून 'कंपनी बुडवू' हे ध्येय ठेवूच नका. एका विक्री विभागाच्या अहवालात कारण म्हणून आपला मुद्दा चढला पाहिजे, एवढं ध्येय ठेवा. लागोपाठ दोन तिमाही चढला तर वरच्याला वाचावा लागतो.

सिंदफणा, बीड

मोंढानाका भाऊ, हिशेब पटला, पण विक्री न घटताही कंपन्या माघार घेतात त्याचं काय? ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कनं डोहाळजेवणाची जाहिरात काही दिवसांतच मागं घेतली. तेवढ्या दिवसांत कोणाच्या सोनेखरेदीत काय फरक पडणार होता? फॅबइंडियानं २०२१ मध्ये दिवाळीची जाहिरात काढली. स्नॅपडीलचं २०१५ मध्ये झालं. कंपनीनं काही म्हटलंही नव्हतं, जाहिरातीतला नट बोलला होता, तरी पुढं त्याचा करार वाढवला नाही. समाजमाध्यमाचा जोर नाकारून चालणार नाही.

खामकाठ, छत्रपती संभाजीनगर

सिंदफणाताई, तुमची उदाहरणं बरोबर आहेत, आणि त्यांच्याच शेजारी २०१९ च्या होळीची सर्फ एक्सेलची जाहिरात ठेवा. आरडाओरडा तेवढाच झाला. काही लोकांनी तर घाईत मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या ॲपला एक तारा देऊन राग काढला. हिंदुस्थान युनिलिव्हरनं जाहिरात मागं घेतली नाही.

फरक कुठं आहे? तनिष्कच्या निवेदनात दुखावलेल्या भावनांबरोबर कर्मचारी, भागीदार आणि दुकानातल्या माणसांची काळजी हे कारण दिलेलं होतं. दागिन्यांची पेढी रस्त्यावर असते, नाव दारावर असतं, आत दहा-वीस माणसं बसलेली असतात. पावडरचा पुडा लाखो दुकानांत इतर पुड्यांमध्ये ठेवलेला असतो, त्याला स्वतःचं दार नाही. ज्या कंपनीला दार आहे ती लवकर घाबरते. ही भीती विक्री घटण्याची नव्हे, काच फुटण्याची आणि बातमीची. आणि काच फुटण्याच्या भीतीनं मिळालेल्या माघारीला मी ग्राहकाचा विजय म्हणायला तयार नाही.

अमेरिकेतल्या ब्रेडन किंग या अभ्यासकानं १९९० ते २००५ मधले, मोठ्या वर्तमानपत्रांत गाजलेले बहिष्कार तपासले. साधारण चौथ्या हिश्श्यात कंपनीनं काहीतरी मान्य केलं. कारण बहुतेक वेळा विक्रीतली घट नव्हती, वर्तमानपत्रात नाव पुन्हा पुन्हा येणं हे होतं. ज्या कंपनीची पत आधीच घसरतीला लागली होती ती लवकर नमली. म्हणजे मोंढानाकांचा गोदामाचा रस्ता आणि सिंदफणाताईंचा बातमीचा रस्ता, दोन्ही खरे आहेत. पण जे बहिष्कार गाजलेच नाहीत ते या मोजणीत नाहीत. ते धरले तर यशाचं प्रमाण आणखी खाली जाईल.

पूर्णाथडी, हिंगोली

बड लाइट या अमेरिकेतल्या बिअरचं कोणी सांगेल का? सगळे तेच उदाहरण देतात.

खामकाठ, छत्रपती संभाजीनगर

सांगतो, कारण ते अपवाद का आहे हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

एप्रिल २०२३ मध्ये एका ट्रान्सजेंडर समाजमाध्यम कलाकाराला बड लाइटनं प्रसिद्धीत घेतलं. त्यावरून बहिष्कार सुरू झाला. एप्रिल-जून तिमाहीत तिची मालक कंपनी ए. बी. इनबेव्हचा अमेरिकेतला महसूल १०.५ टक्क्यांनी घटला, आणि मोडेलो ही बिअर विक्रीच्या रकमेत पहिल्या क्रमांकावर गेली. बड लाइटचा गेलेला खप परतलाही नाही.

इतकं का लागलं? एक, शेजारच्याच फळीवर त्याच किमतीत, जवळपास त्याच चवीची दुसरी बिअर होती. सोडणाऱ्याला काहीच सोसावं लागलं नाही. दोन, बिअर चारचौघांत पितात. हातात कोणती बाटली आहे हे सगळ्यांना दिसतं. कपडे धुवायची पावडर कोण बघतो? तीन, रागावलेले आणि पिणारे हे बऱ्याच अंशी एकच लोक होते. चार, कंपनी धड ठाम राहिली नाही, धड माफीही मागितली नाही, त्यामुळं दुसरी बाजूही दुखावली. आणि एवढं होऊनही त्याच तिमाहीत तिचा जगभरातला एकूण महसूल वाढला होता.

आता याच्या उलट गोया. जुलै २०२० मध्ये या डाळी-कडधान्यं विकणाऱ्या कंपनीच्या प्रमुखानं ट्रम्प यांची तारीफ केली. बहिष्काराची हाक आली, आणि लगोलग 'मुद्दाम घ्या' अशी उलटी हाकही आली. अभ्यासात असं निघालं की दोन आठवडे विक्री २२ टक्क्यांनी वाढली आणि तीन आठवड्यांत सगळं पूर्ववत झालं. नेहमी गोया घेणाऱ्यांनी घेणं सोडलंच नाही. ट्रम्पसमर्थक भागात ज्यांनी कधी घेतला नव्हता त्यांनी एकदा डबा घेतला, एवढंच. राजकीय भूमिकेवरच्या बहिष्काराला हा धोका नेहमी असतो. दुसऱ्या बाजूचं गिऱ्हाईक तुम्हीच कंपनीच्या दारात नेऊन उभं करता.

तेरणाकर, धाराशिव

ज्या याद्या फिरतात त्यातली अर्धी माहिती चुकीची असते, त्याचं आधी बघा. दोन गोष्टी दुरुस्त करतो.

पहिली: बारकोड ८९० नं सुरू झाला म्हणजे माल स्वदेशी, हे साफ चूक. ८९० म्हणजे त्या कंपनीनं बारकोड देणाऱ्या जीएस-१ च्या भारतातल्या संस्थेकडे नोंदणी केली आहे, एवढंच. माल कुठं बनला, मालकी कोणाची, हे त्यावरून कळत नाही. बहुराष्ट्रीय कंपनीचा इथं बनलेला साबणही ८९० चाच असतो.

दुसरी: पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. 'उत्पादक' वेगळा असतो, 'विपणन' करणारी कंपनी वेगळी असते. बघायची ती दुसरी, ब्रँड तिचा असतो. खाण्याच्या वस्तूवर १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक असतो, त्यावरून परवानाधारकाचं नाव संकेतस्थळावर सापडतं.

हे न केल्यानं काय होतं? सर्फ बंद केलं आणि रिन किंवा व्हील आणलं, तर पैसा त्याच घरात गेला. कोकाकोला बंद आणि थम्स अप चालू, तरी तेच. थम्स अप १९९३ पासून कोकाकोलाकडंच आहे. लिम्का, माझा, किनलेचं पाणी, सगळं तिथलंच. पेप्सी सोडून कुरकुरे घेतलं तरी पेप्सिकोच. म्हणून यादीत ब्रँड लिहू नका. कंपनी लिहा, आणि तिच्या खाली तिचे सगळे ब्रँड.

आणि हेही बघा की मार बसतो कोणाला. पश्चिम आणि दक्षिण भारतातली मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफ ही भारतीय कंपनी चालवते. पेप्सीच्या बाटल्या बहुतांश भरते वरुण बेव्हरेजेस, तीही भारतीय. मूळ कंपनीला यातून रॉयल्टी किंवा अर्काचे पैसे जातात, पण आधी तोटा सोसतो तो इथला. मलेशियात गाझाच्या युद्धावरून हेच झालं. मॅकडोनाल्ड्सच्या परदेशातल्या परवानाधारकांच्या विभागाची विक्रीवाढ २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत ०.७ टक्क्यांवर आली. मात्र एप्रिल २०२४ मध्ये मूळ कंपनीला इस्रायलमधली २२५ रेस्टॉरंटं परवानाधारकाकडून परत विकत घ्यायचं जाहीर करावं लागलं, हेही खरं. त्याच परवानाधारकानं सैनिकांना फुकट जेवण दिल्यावरून सगळं पेटलं होतं. स्थानिक भागीदाराला बसलेला मार वर पोचला, पण किती पोचेल ते करारावर ठरतं.

शेवगाठोडं, नांदेड

हिशेबाच्या बाजूनं एक मुद्दा. मला हा सगळ्यात जास्त टोचतो.

राजकीय भूमिका म्हणजे मालकाचं भाषण किंवा जाहिरात, असं आपण धरतो. खरी भूमिका पैशात असते. सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द केले आणि मार्चमध्ये निवडणूक आयोगानं खरेदीदारांची यादी संकेतस्थळावर टाकली. एप्रिल २०१९ पासूनची. सगळ्यात वर कोण? फ्युचर गेमिंग, १,३६८ कोटी. मग मेघा इंजिनीअरिंग, ९६६ कोटी. त्याखाली क्विक सप्लाय चेन, वेदान्त, हल्दिया एनर्जी. लॉटरी, धरणं-बोगदे, खाणी, वीज. यातलं काहीही परभणीच्या किराणा दुकानात मिळत नाही. राजकारणात सगळ्यात जास्त पैसा घालणाऱ्यांना ग्राहकाचा बहिष्कार शिवतच नाही, आणि आपण बिस्किटाच्या पुड्यावर तुटून पडतो. रोख्यांवाल्यांचं गिऱ्हाईक सरकार आहे. तिथं निविदा, माहिती अधिकार आणि विधानसभेतले प्रश्न हीच हत्यारं.

ज्यांचा माल आपण घेतो त्यांचं तपासायचं असेल तर असं करा:

कंपनी कायद्याच्या कलम १८२ नुसार राजकीय देणगी नफा-तोटा पत्रकात दाखवावी लागते. २०१७ मध्ये सरासरी नफ्याच्या ७.५ टक्क्यांची मर्यादा आणि पक्षाचं नाव सांगायची अट काढली होती, तो बदलही त्याच निकालात घटनाबाह्य ठरला. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर वार्षिक अहवाल उघडा आणि 'इतर खर्च' या टिपेत देणग्यांची ओळ शोधा. तिथं इलेक्टोरल ट्रस्टचं (कंपन्यांकडून देणग्या घेऊन पक्षांना वाटणारी संस्था) नाव दिसलं तर आयोगाच्या संकेतस्थळावर त्या ट्रस्टचा वार्षिक अहवाल बघा. कोणत्या कंपनीनं किती दिले आणि ट्रस्टनं कोणत्या पक्षाला किती दिले, दोन्ही तिथं असतं. अडचण एकच. ट्रस्टमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यामुळं 'या कंपनीचा रुपया या पक्षाला' असं छातीठोक म्हणता येत नाही. पत्रकात तसं लिहू नका.

सिंदफणा, बीड

शेवगाठोडं सर, हे फार मोलाचं सांगितलंत. पण मग छोट्या कंपनीवर दबाव टाकूच नये का? ज्याच्यावर आपला जोर चालतो त्याच्यावरच चालवणार ना माणूस.

शेवगाठोडं, नांदेड

टाकावा. पण तो राजकारणातल्या पैशावरचा उपाय आहे, असं स्वतःला सांगू नये.

मांजराथडी, लातूर

कायद्याचं लिहिते, कारण 'व्यापारी मित्रमंडळाचा ठराव' हे शब्द वाचून काळजी वाटली.

तुम्ही, मी, आपला बचत गट, मंडळ: माल न घेणं आणि इतरांना घेऊ नका म्हणणं, यात गुन्हा नाही. पत्रकं वाटा, सभा घ्या.

व्यापारी संघटनेचं वेगळं. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या दुकानदारांनी मिळून एखाद्या कंपनीचा पुरवठा रोखायचा ठराव केला तर तो स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्ये अडकू शकतो. औषधविक्रेत्यांच्या संघटनांना अशा सामूहिक बंदीबद्दल स्पर्धा आयोगानं दंड केलेले आहेत. एकट्या दुकानदारानं स्वतःच्या मर्जीनं माल न ठेवणं हे पूर्ण वैध आहे. म्हणून संघटनेच्या पत्रावर, शिक्क्यानिशी ठराव नको. ज्याला ठेवायचा नाही त्यानं आपापल्या दुकानावर आपापली पाटी लावावी.

त्याहून गंभीर: 'जो दुकानदार हा माल विकेल त्याच्याशी व्यवहार बंद'. हे वाक्य ठरावात येता कामा नये. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. समाजानं किंवा जात पंचायतीसारख्या समूहानं आपल्यातल्याच माणसाशी व्यवहार तोडायला लावले तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुकानदार अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्काराची नुसती धमकीसुद्धा गुन्हा आहे. आपल्या जिल्ह्यांत गावकीनं एखाद्या वस्तीचा किराणा, दळण, वाहनं बंद करायच्या घटना घडलेल्या आहेत. कंपनीविरुद्धचं हत्यार माणसाविरुद्ध वळायला एक सभा पुरते. कंपनीचा बहिष्कार करताना जातीचं, धर्माचं नाव आलं की मी त्या कामातून बाजूला होईन, आणि तुम्हीही व्हावं असं कळकळीनं सांगते.

पत्रकात तीनच गोष्टी लिहा: कंपनी काय बोलली किंवा केलं (तारखेसह), आमची मागणी काय, आम्ही काय घेणार नाही. 'देशद्रोही', 'भेसळवाले' असले शब्द घातले की बदनामीचा दावा तुम्ही स्वतः लिहून दिला.

वेरूळवाट, छत्रपती संभाजीनगर

इतिहासातून दोन गोष्टी. त्या इथल्या मुद्द्यांना थेट लागू आहेत.

१९२९-३० मध्ये ब्रिटिश कापड भारतात सुमारे १२४ कोटी ८० लाख यार्ड आलं. १९३०-३१ मध्ये ते ५२ कोटी ३० लाखांवर आलं. जागतिक मंदीचाही त्यात वाटा होता, पण बहिष्काराचा मोठा होता. तो नुसत्या होळ्यांनी झाला नाही. कापडाच्या व्यापाऱ्यांनी नवीन मागणी न नोंदवायची शपथ घेतली, गोदामातल्या गासड्यांवर सील लागलं, आणि दुकानांसमोर रोजचं निदर्शन चालू राहिलं. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला बाबू गेनू विदेशी कापडाच्या मालमोटारीसमोर आडवे झाले ते याच साखळीचा एक दुवा म्हणून. मोंढानाका म्हणतात ती प्रायमरी अडवली गेली होती. आणि १९०५ च्या स्वदेशीत काय झालं तेही लक्षात ठेवा: मागणी वाढताच मुंबईच्या गिरण्यांनी धोतरांचे भाव चढवले, आणि बंगालमधला गरीब माणूस कुरकुरायला लागला. पर्यायी माल पुरेसा आणि त्याच भावात नसेल तर बहिष्कार गरिबाच्या खिशातून चालतो.

दुसरं अमेरिकेतलं माँटगोमेरी शहर. बसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळं बसवायचे, म्हणून ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस त्यांनी बस वापरली नाही. बसचे साधारण तीन-चतुर्थांश प्रवासी तेच होते. लोक चालत गेले हे सगळे सांगतात. त्यामागं खासगी गाड्यांची वेळापत्रकासह व्यवस्था होती, थांबे ठरलेले होते, पैसा गोळा होत होता, हे कमी सांगितलं जातं. तरी शेवट झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं. बस कंपनी तोट्यात जाऊन टेकीला आली होती, पण वेगळी आसनं ठेवायचा नियम शहराचा आणि राज्याचा होता. ज्याला त्रास होतोय त्याच्या हातात मागणी मान्य करणं आहे का, हे आधी तपासावं लागतं.

पूर्णाथडी, हिंगोली

वेरूळवाट, हे शेवटचं वाक्य चिनी मालाला तंतोतंत लागू. गलवाननंतर, जून २०२० मध्ये, केवढा जोर होता. २०१९-२० मध्ये चीनमधून आयात ६५ अब्ज डॉलरची होती, २०२३-२४ मध्ये १०० अब्जांच्या वर गेली. ॲप बंद झाली ती सरकारच्या आदेशानं. बाकी माल थांबला नाही, कारण तो आपण दुकानातून 'चिनी' म्हणून घेतच नाही. मोबाइलचे भाग, सोलर पॅनल, औषधांचा कच्चा माल, कीटकनाशकातलं मूळ रसायन. सोयाबीनवर फवारायच्या औषधाची बाटली भारतीय कंपनीची, आतलं टेक्निकल, म्हणजे मूळ रसायन, बाहेरचं. शेतकऱ्यानं अळी पडल्यावर काय बघायचं?

गोदाघाट, नांदेड

मोजमापाबद्दल कोणीच लिहीना, म्हणून लिहितो. बहुतेक ठिकाणी 'बहिष्कार यशस्वी' म्हणतात तो आकडा हंगामाचा असतो.

मराठवाड्यात खेड्यातला किराणा सोयाबीन आणि कापसाच्या पैशावर हलतो. सोयाबीन ऑक्टोबरात मोंढ्यावर येतं, कापूस त्यामागून. जून-जुलैत सगळा पैसा बी-बियाणं, खतात गेलेला असतो. तेव्हा महाग साबण, बाटलीबंद पेय, मोठे पुडे सगळ्यांचेच कमी खपतात. जूनमध्ये बहिष्कार सुरू केला तर विक्री घटणारच, आणि दिवाळीला वाढणारच. दोन्हीत बहिष्काराचा काही संबंध नाही.

रीत अशी. गावातली २० दुकानं निवडा: ५ मोठी, १० मधली, ५ वस्तीवरची. बहिष्कारापूर्वी चार आठवडे दर सोमवारी त्या कंपनीचे खपलेले नग आणि तिच्या दोन स्पर्धकांचे खपलेले नग लिहून घ्या. रुपये नको, नग. रुपयांत भाववाढ आणि स्कीम मिसळते. सुरू झाल्यावर आठ आठवडे तेच करा. सोबत २५-३० किलोमीटरवरचं, बहिष्कार नसलेलं एक गाव घ्या आणि तिथं १० दुकानं अशीच मोजा. आपल्या गावात नग ३० टक्के घटले आणि तिथं २० टक्के, तर तुमचा वाटा साधारण १० टक्के. बाकी हंगामाचा.

चुकतं कुठं? दुकानदार तोंडी सांगतो तो आकडा आपल्या तोंडाकडं बघून सांगतो. फळीवरचा आणि मागच्या खोलीतला माल स्वतः मोजा. आणि कंपनीनं मध्येच 'तीनवर एक फुकट' लावलं तर तो आठवडा वेगळ्या खुणेनं लिहा. ती स्कीम खास तुमच्याच बीटवर (सेल्समनच्या फेरीच्या भागात) आली असेल तर विक्री विभागाला दुखतंय याचा तोच सगळ्यात भक्कम पुरावा.

कन्नडघाट, छत्रपती संभाजीनगर

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यातल्या कामगारांचं कोणी बोललं नाही. बहुराष्ट्रीय ब्रँडचे कारखाने इथं आहेत. खप घटला की मालकाच्या भूमिकेआधी कंत्राटी पोरांची पाळी कापली जाते. वितरकाच्या टेम्पोवरच्या पोराचंही तेच. 'भारतीय हातांनी बनलेलं परदेशी नाव' की 'परदेशात बनलेलं भारतीय नाव', यातलं काय सोडायचं ते आधी ठरवा.

दुधनाकाठ, परभणी

कन्नडघाट, मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडं त्याला सोपं उत्तर नाही. एवढंच सुचतं की बहिष्कार मुदतीचा असावा आणि मागणी अशी असावी की कंपनीला ती उद्या मान्य करता येईल.

मागणी कशी लिहायची हे कोणी सांगेल का?

वेरूळवाट, छत्रपती संभाजीनगर

'माफी मागा' ही मागणी कच्ची. कंपनी दोन ओळी लिहून मोकळी होते आणि तुमचे लोक 'ही माफीच नाही' म्हणत भांडत बसतात. 'भूमिका बदला' त्याहून कच्ची, कारण बदलली हे ठरवणार कोण?

मोजता येईल अशी मागणी करा. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमजुरांनी १९६५ ला संप केला, मग द्राक्षांवर देशभर बहिष्कार चालवला. मागणी होती बागायतदारांनी संघटनेशी लेखी करार करावा. १९७० ला करार झाले आणि बहिष्कार उठला. बाळदुधाच्या विक्रीवरून नेस्लेविरुद्धचा बहिष्कार १९७७ ला सुरू झाला. १९८१ ला जागतिक आरोग्य संघटनेचे बाळदुधाच्या विक्रीचे नियम आले. मग मागणी 'हे नियम पाळा' अशी नेमकी झाली, आणि १९८४ ला तो थांबवला. पाळत नाहीत असं दिसल्यावर १९८८ ला परत सुरू झाला. परत सुरू करता आला, कारण कशावर थांबवला होता ते कागदावर होतं.

राजकीय भूमिकेच्या बाबतीत अशी मागणी म्हणजे: अमुक कार्यक्रमाचं प्रायोजकत्व काढा. अमुक वाहिनीवरची जाहिरात थांबवा. पुढच्या वार्षिक अहवालात प्रत्येक राजकीय देणगी नावानिशी द्या. मालकाच्या मनात काय आहे ते त्याच्यापाशी राहू द्या.

पत्र तीन ठिकाणी द्या: कंपनीच्या ग्राहक कक्षाला, नोंदणीकृत कचेरीत कंपनी सचिवाला (पोचपावतीच्या टपालानं) आणि गावच्या वितरकाला हातात. उत्तराला ३० दिवस. त्यानंतर बहिष्कार, ९० दिवसांचा. ९० व्या दिवशी आकडे मांडून पुढं चालवायचा की नाही ते ठरवा. 'कायमचा' म्हणून जाहीर केलेला बहिष्कार कधी संपला तेच कोणाला कळत नाही, आणि पुढच्या वेळी तुमचं पत्र कोणी उघडत नाही.

दुधनाकाठ, परभणी

शेवटचं विचारतो. आमच्याकडं चर्चा शीतपेयांची आहे. पर्याय हाताशी आहे: ताक, लिंबू सरबत, गोटी सोडा, रसवंती. चारचौघांत पितात, म्हणजे दिसतंही. पण दुकानात कंपनीचा फ्रीज आहे. त्याचं काय?

मोंढानाका, लातूर

शीतपेय निवडलंत तर वेळ सांभाळा. धंदा मार्च ते जूनचा. वितरक फेब्रुवारीतच माल भरून ठेवतो आणि प्लॅस्टिकच्या बाटलीची मुदत काही महिन्यांचीच असते. पत्र जानेवारीत गेलं पाहिजे, म्हणजे तो भरतानाच हात आखडता घेईल. एप्रिलमध्ये जाहीर केलं तर माल दुकानदाराच्या गळ्यात पडेल आणि तो तुमच्यावर उलटेल. नोव्हेंबरात केलं तर कोणाला कळणारही नाही.

फ्रीज कंपनीच्या मालकीचा असतो. करारात बहुधा अट असते की त्यात फक्त कंपनीचाच माल ठेवायचा. त्यात ताकाच्या पिशव्या ठेवल्या तर विक्री अधिकारी फोटो काढून फ्रीज उचलायला टेम्पो पाठवतो. मग दुकानदाराचं दूध, दही, पाणी कशात ठेवायचं? लहान दुकानदार बहिष्कारातून फुटतो तो इथं, त्याला विचारांचं काही घेणंदेणं नसतं. म्हणून पाटी लावायच्या आधी फ्रीजची सोय करा. गावात जुने चांगले फ्रीज कुठं मिळतात ते बघा, दोन-तीन दुकानदारांनी मिळून बर्फाची पेटी ठेवली तरी पहिला महिना निघतो. दूध संघाचा फ्रीज मिळतो का ते विचारा, पण त्यालाही अशीच अट असते, ती वाचून घ्या.

परत देताना करारावरची अनामत रक्कम बघा. पावती सापडत नसेल तर वितरकाकडच्या नोंदीची प्रत मागा. फ्रीजच्या मागच्या बाजूचा अनुक्रमांक आणि चालू स्थितीतला फोटो ठेवा, आणि नेणाऱ्याकडून तारीख टाकून लेखी पोच घ्या. सेल्समनच्या तोंडी शब्दावर फ्रीज सोडू नका. महिन्यानं तोच सेल्समन दुसऱ्या बीटवर गेलेला असतो आणि कंपनीच्या वहीत फ्रीज तुमच्याच नावावर राहतो.